आपल्या वाट्याचे चार हात

॥ श्री ॥

कोपर, स्लोव्हेनिया
दि. ५ जानेवारी २०२५

ती. आत्येस,
प्रणयचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. रुचिकाने काढलेला फोटो तिरका आला होता, त्यामुळे मान वाकडी करून वाचावं लागलं. मीही हे वहीच्या कागदावर लिहून फोटोच पाठवतो आहे. पोयनाडच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून घे, म्हणजे चष्म्याची कटकट नको. फोन केला की तू दुसऱ्या वाक्याला रेंज नाही म्हणून ठेवून देतेस. गावात टॉवर होऊन तीन वर्षं झाली, पण तुझ्या एकटीच्या घरात रेंज येत नाही हे नवल आहे.

तू विचारलं होतंस, एवढ्याएवढ्या देशांचं चालतं तरी कसं. गाडी चालवताना माझ्या डोक्यात दुसरं काही नसतं, म्हणून ऐक. मी राहतो तो देश म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यापेक्षा कमी माणसांचा. किनारा म्हणशील तर रेवसहून निघून रेवदंड्याच्या जरा पुढे गेलं की संपला. त्यात एक मोठं बंदर, आणि त्या बंदरातला माल उचलून आम्ही ट्रकवाले ऑस्ट्रिया, हंगेरीला नेतो. लक्झेंबर्गला गेलो होतो, तिथे बसला आणि रेल्वेला कुणालाच तिकीट नाही. गेल्या महिन्यात सान मारिनोला गेलो. तो देश एका डोंगरावर मावतो. देशाचे प्रमुख दोन, आणि दोघांना मिळून मुदत सहा महिने. मुदत संपली की तीन दिवस लोकांसाठी ठेवतात, ज्याची त्यांच्याविरुद्ध तक्रार असेल त्याने ती आणून द्यावी. मला वाटतं देश असावा तर एवढाच. इथल्यासारखा मंत्री कॉफीच्या रांगेत दिसला पाहिजे, आणि मागे उभं राहून त्याला विचारता आलं पाहिजे की बाबा, आमच्या कामाचं काय झालं.

इथे पिरानजवळ मिठागरं आहेत, हे तुला सांगायचंच राहिलं. आपल्यासारखेच बांध, खारं पाणी अडवायच्या आपल्यासारख्याच कोंडी, फळीने मीठ ओढतात. फरक एवढाच की लोक तिकीट काढून बघायला येतात आणि मीठ छोट्या पिशवीत घालून, रिबीन बांधून विकतात. तिथे नेजा म्हणून चोवीस वर्षांची मुलगी कामाला आहे. आपण आगरी, म्हणजे मिठाच्या आगरावरचेच लोक, असं सांगितलं तेव्हा तिने मला तिकिटाशिवाय आत सोडलं. तिने सांगितलं, की चार वर्षांपूर्वी सरकारने एक कायदा केला. त्याने नद्यांच्या आणि समुद्राच्या काठी बांधकामाला वाट मोकळी होईल असं लोकांना वाटलं. पोरापोरींनी सह्या गोळा केल्या, सगळ्या देशाचं मतदान घ्यायला लावलं, आणि जिथे तिथे एकच शब्द लिहिला. प्रोती. म्हणजे विरोधात. आणि आत्ये, तो कायदा पडला.

आपल्या बांधाचं काय झालं ते कळव. बाकी मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, थंडी सोसते.

तुझा लोभ आहे तसाच राहू दे, त्यावरच हिवाळा निघतो.

तुझा,
प्रणय


॥ श्री ॥

खारसोंडे, ता. अलिबाग
दि. १६ जानेवारी २०२५

चि. प्रणय यास,
सत्यवतीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. झेरॉक्सवाल्याने इतकं मोठं छापलं की शेजारणीला, तुळशीला, वाटलं निवडणुकीचं पत्रक आलं.

तुझा तो डोंगरावरचा देश मला पसंत आहे. सहा महिने हीच खरी मुदत. मी बायकांच्या राखीव जागेवरून सरपंच झाले तेव्हा पहिले सहा महिने उत्साहाचे होते, उरलेली साडेचार वर्षं नुसती सह्यांची. तक्रारीला तीन दिवस देतात म्हणतोस. मला पाच वर्षांत तक्रार नसलेले तीन दिवस सलग मिळाले नाहीत. मिठाला रिबीन बांधतात हे वाचून मात्र तुझ्या आजोबांची आठवण झाली. त्यांच्या पायाच्या भेगांत मीठ जाऊन जाऊन त्या पांढऱ्या झाल्या होत्या, त्यांना कुणी रिबीन बांधली नाही. आणि तिकिटाशिवाय आत सोडणाऱ्या मुलींपासून जरा जपून राहा.

आता बांधाचं. श्रावणातल्या उधाणाला जी खांड पडली, तिच्यातून आता बैलगाडी जाईल. दर अमावास्येला नि पौर्णिमेला खाडीचं पाणी शेतात येऊन बसतं आणि जाताना मीठ ठेवून जातं. तिवरांची रोपं वीतभर झाली आहेत. ती एकदा वाढली की कायद्याने तोडता येत नाहीत, मग ते शेत राहत नाही. म्हणजे पावसाच्या आत बांध झाला नाही तर आपला भात कायमचा गेला असं समज. गोदामं बांधणारी एक कंपनी याचीच वाट बघत बसली आहे.

तुला जोळ आठवत नसेल, लहान होतास. तेव्हा भागोजी डबा वाजवत गावातून फिरायचा आणि प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर हजर व्हायचा. ज्या त्या घराला बांधाचा ठरलेला वाटा, हातांनी मोजलेला, आणि वहीत त्या घराचं नाव. आपला वाटा उघाडीच्या, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दाराच्या, डाव्या अंगाचे बारा हात. एका घराने वाटा सोडला तर सगळ्यांची मेहनत पाण्यात, म्हणून कुणी सोडत नसे. पुढे बांध सरकारकडे गेला आणि गावाच्या हातात अर्ज आले. किती अर्ज लिहिले ते मलाही सांगता येणार नाही. लिहून लिहून माझं अक्षर मात्र सुधारलं.

बांधाच्या खात्याचे साहेब आता म्हणतात, गावाला बांधाला हात लावायचा असेल तर ग्रामसभेचा ठराव लागेल. सव्वीस जानेवारीला सभा आहे. नोटिशीत दोन ठराव आहेत. पहिला, कंपनीला जमिनी द्यायला संमती. दुसरा, जोळ काढून बांध बांधणे. पहिल्याच्या विरोधात हात वर, दुसऱ्याच्या बाजूने हात वर, एवढं साधं आहे. तुझं पत्र मी देवळासमोर वाचून दाखवलं. बायकांना तो प्रोती शब्द भारी आवडला, तुळशी आता कोंबड्यासुद्धा प्रोती प्रोती करून हाकलते. एकतीस घरं म्हणाली की बाय, आमाला त्यातलं काय कलत नाय, तू हात वर केलास की आमी करू. मी पुढच्या रांगेत बसणार आहे.

कंपनीकडचे लोक मला टोचतात, की बांधाची एवढी हौस हाय तर तुजा पोऱ्या हाय कुठं? मी हसून सोडून देते. खरं सांगायचं तर कंटाळा आला आहे. पण एवढा एक ठराव झाला की मग मी निवांत बसणार.

स्वेटर घालत जा. आशीर्वाद आहेतच, ते वेगळे मागायला नकोत.

तुझी,
आत्या


खारसोंडे
दि. २८ जानेवारी २०२५

प्रणयदादास,
रुचिकाचा सा. न. वि. वि.

मी भागोजींची नात, आत्यांच्या पत्रांचे फोटो तुम्हाला पाठवते तीच. मी स्वतः पत्र कधी लिहिलं नाही, चुकलं तर हसू नका. हे मोबाईलवर टाइप करता आलं असतं, पण आमच्या घरात मोबाईल सगळेच बघतात.

ठराव पडला. कसा पडला ते आत्या तुम्हाला कळवणार नाहीत, म्हणून मी लिहिते. कंपनीचा माणूस यायला उशीर झाला म्हणून ग्रामसेवकांनी दुसरा ठराव आधी घेतला. म्हणजे जोळाचा. त्यांनी तसं सांगितलंही, पण खाली कागदात बघत, हळू आवाजात. मग विचारलं, बाजूने कोण? आत्या शांत बसून राहिल्या. त्या बसल्या म्हणून एकतीस घरंही बसली, नुसते आमचे आजोबा आणि दोघंतिघं हात वर करून इकडेतिकडे बघत होते. मग विचारलं, विरोधात कोण? त्याबरोबर आत्यांनी हात वर केला, ताठ, अगदी खांद्यापासून. त्यांच्यामागे एकतीस हात वर गेले. काहींना कळलं होतं की काहीतरी चुकतंय. पण त्यांना वाटलं बायच्या मनात काही डाव असेल. तुळशीकाकू तर प्रोती असं मोठ्याने म्हणाल्या.

नंतर कंपनीचा ठराव आला तेव्हा सभेत नुसता गोंधळ आणि हसणं, म्हणून तो पुढच्या सभेवर ढकलला. आत्या उठून सगळ्यांना नमस्कार करत होत्या, जिंकल्यासारख्या. मी त्यांना बाजूला नेऊन त्यांच्या तळहातावर बोटाने लिहून सांगितलं. घरी जाऊन त्यांनी दोन वेळा तेच भांडं घासलं.

दादा, रेंजचं काही नाही. आत्यांना डाव्या कानाने वर्षभर काहीच ऐकू येत नाही आणि उजव्याने फार थोडं. त्या तोंडाकडे बघून ओळखतात. त्यांनी मला शपथ घातली होती की तुम्हाला सांगायचं नाही, पोरगं तिकडे गाडी चालवतं, त्याचं लक्ष विचलित होईल म्हणून. आज मी ती शपथ मोडली. रागावू नका, आणि मी सांगितलं असं कळू देऊ नका.

तुमच्या धाकट्या बहिणीसारखं समजून घ्यावं,
रुचिका


॥ श्री ॥

कोपर
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्येस,
प्रणयचा शि. सा. न. वि. वि.

ठराव पडल्याचं कळलं. कुणाकडून ते विचारू नकोस, गावात बातमीला पाय असतात. तू मात्र त्यात तुझी चूक शोधत बसू नकोस. चूक माझी आहे. मी तुला अर्धंच लिहिलं होतं.

उरलेलं अर्धं आज लिहितो. त्या प्रोतीच्या मतदानाला देशातले निम्मेही लोक गेले नव्हते. सान मारिनो मी पाहिलं ते डोंगराच्या पायथ्याशी, ट्रक उभा करायच्या जागेवरून. दोन प्रमुखांची गोष्ट मला माल उतरवणाऱ्या माणसाने सांगितली. मंत्र्याला कॉफीच्या रांगेत मी नाही, नेजाने पाहिलं होतं. मी तुला सगळं चांगलं तेवढं लिहीत गेलो, कारण मी एवढ्या लांब आलो ते उगाच नाही असं तुला वाटावं. मलाही तसंच वाटावं.

नेजा पुढच्या महिन्यात ऑस्ट्रियाला कामाला जाते आहे. मी विचारलं, की ज्या किनाऱ्यासाठी एवढं केलंस तो सोडून का जातेस. ती म्हणाली, किनारा राहिला पण किनाऱ्यावर तिला राहायला खोली नाही, सगळ्या खोल्या रोजच्या भाड्याने पाहुण्यांना जातात. लहान देशाचं मी कौतुक करायला लागलो की ती हसते. तिचं म्हणणं, इथे सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून कुणी कुणाला खुर्चीवरून हलवत नाही. आणि देश म्हणजे नुसतं दार झालं आहे. माल आत येतो, बाहेर जातो, दारात कुणी घर करत नाही. त्या दारातून ये-जा करणाऱ्यांपैकीच मी एक. आता बंदरापर्यंत दुसरा रूळ टाकतायत. तो झाला की आमच्यातल्या किती जणांना ठेवतील, याच्यावर रोज चर्चा होते.

एक बातमी चांगली म्हणावी की कशी ते तूच ठरव. पाच वर्षं झाली म्हणून मला इथे कायम राहायचं कार्ड मिळालं. त्यावर पुढच्या वर्षी इथल्या नगराध्यक्षाच्या निवडणुकीत मला मत देता येईल, नागरिक नसताना. कार्ड हातात आलं त्या दिवशी मी ते ट्रकमध्ये समोर ठेवलं आणि हंगेरीपर्यंत त्याच्याकडे बघत गेलो. ज्या गावात माझा बांध नाही तिथे माझा हात मोजतील, आणि जिथे बारा हात माझे आहेत तिथे मी नाही.

रजा ऑगस्टमध्येच देतात. त्याआधी मागितली तर नोकरी राहील याची खात्री नाही. येऊ का असं तुला विचारणार होतो. पण विचारत नाही, कारण तू नको म्हणशील आणि मला तेच ऐकायचं असेल. आत्ये, मी फार दमलो आहे. झोप गाडीतच होते, जेवण वेळेवर होतं हे खोटं होतं.

तुझा फोन लागला नाही तरी चालेल. पण रेंज हा शब्द मी यापुढे वापरणार नाही.

मी कसाही असलो तरी तुझाच, एवढं धरून असावं,
प्रणय


॥ श्री ॥

खारसोंडे
दि. १७ मार्च २०२५

चि. प्रणय यास,
सत्यवतीचे अ. उ. आ.

उत्तराला महिना लागला. हाताला फोड होते, लेखणी धरवत नव्हती.

तिनेच तुला कळवलं हे तुझं पत्र वाचून कळलंच मला, पण रुचिकाला मी रागावले नाही. तर आता माझंही उरलेलं अर्धं ऐक. मला ऐकू येत नाही रे. सभेत ग्रामसेवकाने मान खाली घातली आणि मला त्याचं तोंड दिसेनासं झालं. पुन्हा सांगा असं म्हणायला हवं होतं. साऱ्या गावासमोर म्हणायची लाज वाटली. मी एकदा सरपंच झालेली बाई, मी काय म्हणून विचारू. त्या लाजेपायी माझाच हात माझ्या बांधाच्या विरोधात वर गेला, आणि एकतीस घरांना घेऊन गेला. आठ दिवस मी दारात बसले नाही. पोरं मला बघून हात वर करून दाखवायची.

नवव्या दिवशी भागोजी आला. तो बोलला ते मी ओठांवरून वाचलं. त्याचं म्हणणं, की पूर्वी जोळाला ठराव कधी लागला होता, डबा लागायचा. डबा त्याच्या हातातच होता. पहिल्या दिवशी बांधावर मी, भागोजी आणि तुळशी, तिघांची वयं मिळून दोनशेच्या पुढे. तिसऱ्या दिवशी साहेब गाडीतून आले आणि बांधावर उभं राहून बरंच काही बोलले. मी सांगितलं, मला ऐकू येत नाही, काय असेल ते लिहून द्या, खाली सही करा. साहेबांनी लिहून काही दिलं नाही, ते गेले. प्रणय, वर्षभर जे लपवलं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा चारचौघांत बोलले, आणि त्याचाच उपयोग झाला. हात वर करायला कान लागतात, माती टाकायला लागत नाहीत.

मग घरं यायला लागली. शिमग्याला मुंबईहून आलेले लोक सण सोडून बांधावर राबले. आता एकतीस नव्हे, सदतीस घरं आहेत. कंपनीकडे ओढणारी दोन घरंसुद्धा आली, लाजत आली. खांडीच्या तोंडात दगड बसला, वर माती चढली. ज्याचा त्याचा वाटा ज्याने त्याने बांधला.

आपल्या बारा हातांपैकी आठ मी बांधले. एकटीने, घमेल्याने, रोज थोडे थोडे. वहीत आपल्या घरापुढे तुझ्या आजोबांचं नाव होतं, ते तसंच ठेवलंय. चार हात उघडे आहेत. माझ्याच्याने आता होत नाही, हे पहिल्यांदा लिहिते आहे. शेजारच्या घरांनी भरून देतो म्हटलं, मी नको म्हटलं. तुळशीच्या मते मी हटवादी आहे. असेनही. पण जोळाचा नियम आहे, वाटा घराच्या माणसानेच बांधायचा. पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावास्या आहे आणि मोठं उधाण आहे. भागोजीने मला समजावून सांगितलं, की बाय, चतुर्दशीपर्यंत वाट बगतो, मग गावाला ते चार हात बंद करावेच लागतील, आनि मग वहीतून तुमचं घर काढावं लागंल. तो रडत होता, त्यामुळे त्याचे ओठ नीट वाचता आले नाहीत, पण मी बरोबरच वाचलं असेन.

तुझं कार्ड ही चांगली बातमी आहे. ते जपून ठेव, तिथे मत दे, आणि ज्याला देशील त्याला आधी रांगेत गाठून दोन प्रश्न विचार. नेजालाही सांग, की इथली एक म्हातारी तिच्या शब्दावर चुकीच्या वेळी हात वर करून बसली आणि तरीही तिचा राग नाही. लहान देश मोठा देश यातलं मला आता फार कळत नाही. माझा देश बारा हातांचा आहे, त्यातले चार उरलेत.

तू लिहिलंस, की मी नको म्हणेन आणि तुला तेच ऐकायचं असेल. मी नको म्हणत नाही. नोकरी गेली तर गेली असंही म्हणत नाही, ते तुझं तू बघ. अमावास्या एकोणतीस तारखेची आहे एवढंच कळवते.

निघालास तर फोन करू नकोस. रुचिकाला लिही, ती माझ्या हातावर लिहील.

तुझी,
आत्या